नकाशाचीही उगवण तपासा

(कापूस-ज्वारी पट्ट्यातून मालवणला आलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



काल संध्याकाळी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. यवतमाळ, हिंगोली, परभणीहून एवढा लांबचा प्रवास करून तुम्ही आलात, आणि आज सकाळी आम्ही तुम्हाला एका खोलीत कॉम्प्युटरपुढे आणून बसवले. चहाच्या वेळी एका काकांनी आम्हाला विचारलेच, "पऱ्हाटीच्या भावाचं बोला ना जी. या नकाशात आमचं काय ठेवलं हाय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर आधी देतो, मग कामाचे बोलू.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी तुम्ही ऐकून आहात. वर्ध्याजवळ पवनारला सुरुवात, इकडे सिंधुदुर्गात पत्रादेवीला शेवट, पहिल्या आखणीत मध्ये १२ जिल्हे, सुमारे ८०० किलोमीटर. आखणीत बदल होत आले, विरोध झाला, मोर्चे निघाले. पण पहिल्या दिवशी ही रेषा कुठे होती? कुणाच्या शेतात नव्हती. ती एका कॉम्प्युटरमधल्या फाइलीत होती. फाइलीतल्या रेषेने गट नंबरांची यादी तयार होते, यादीची अधिसूचना होते, आणि मग ती कागद होऊन तुमच्या दारात येते. आपण मात्र कागद आल्यावर जागे होतो.

इथल्या माणसाच्या डोक्यावर तर अशा रेषांचे जाळेच आहे. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य झाले, २९.१२ चौरस किलोमीटरचे, त्याची एक रेषा. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना आली, ती २०११ साली बदलली, २०१९ साली पुन्हा बदलली, तिच्या भरतीरेषेची दुसरी रेषा. सह्याद्रीच्या बाजूच्या गावांना पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची तिसरी रेषा. त्याचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. या रेषा चांगल्या की वाईट, हा आजचा विषय नाही. पर्यावरण राखले पाहिजे यात वाद नाही. आजचा विषय एवढाच की रेषा जिथे आहे असे कागद म्हणतो, तिथे ती खरोखर आहे का, आणि नसेल तर ते सिद्ध करायला आपल्या हातात काय आहे.

आमची फजिती

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. माती परीक्षण, बियाणे, खतांच्या मात्रा यात काही वर्षे घातली आणि मग चळवळीत आलो. नकाशाचे काम आम्हाला कुणी शिकवले नाही. ते आम्ही फजितीतून शिकलो, तीच गोष्ट सांगतो.

या तालुक्यात खाडीकाठाला एक गाव आहे. खाडीचे खारे पाणी अडवायला तिथे जुना बांध आहे, आणि बांधाच्या आत भातशेती. अशा जमिनीला इकडे खाजण म्हणतात. किनारा नियमनात एक तरतूद आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते, आत जात नाही. म्हणजे बांध नकाशावर असला तर आतली भातशेती भरतीरेषेच्या आत राहते. बांध नकाशावर नसला तर भरतीरेषा थेट शेतात शिरते, आणि त्या शेताला खाडीच्या पाण्याचे नियम लागू होतात.

मसुद्याच्या नकाशावर हा बांधच नव्हता. आम्ही ठरवले, हरकत घ्यायची, आणि नुसती तोंडी नाही, नकाशासकट घ्यायची. जुना सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळवला. त्यावर बांध स्पष्ट काढलेला होता. नकाशा स्कॅन केला, फुकट मिळणाऱ्या क्यूजीआयएस या कार्यक्रमात बसवला, बांधाची रेष ओढली, शेतांचे सर्व्हे नंबर घातले, रंगीत छपाई करून सुनावणीला नेली.

समोरच्या साहेबांनी दोन मिनिटांत आमची फाइल उपग्रहाच्या चित्रावर टाकून दाखवली. आमचा बांध खाडीच्या मधोमध होता आणि बांधामागची दोन खाचरे पाण्यात. साहेब म्हणाले, "यांचे भात पाण्याखाली पिकते वाटते." सगळी खोली हसली. आमच्याबरोबर गावातल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. त्या तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "माजी जमीन दर्यात गेली नाय. दर्योच माज्या जमनीत येता."

आजींचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. आमचा नकाशा खोटा होता. पण त्या दिवशी खोट्या नकाशामुळे खरे म्हणणे बुडाले. दोष साहेबांचा नव्हता, आमचा होता. बोगस बियाणे विकणाऱ्याला आपण शिव्या घालतो, आणि आम्ही गावाला न तपासलेला नकाशा पेरायला दिला होता.

त्यानंतर आम्ही एकेक खोड शोधून काढली. त्या खोडी पाच प्रकारच्या आहेत. पाचही समजून घ्या.

पहिली खोड: फाइल अर्धीच आली

नकाशाची जी फाइल आपल्याला पेन ड्राइव्हवर मिळते, तिला बहुधा शेपफाइल म्हणतात. नावाला एक, पण ती एक नसते, कुटुंब असते. एसएचपी या फाइलीत आकार, डीबीएफमध्ये नंबर-नावांचा तक्ता, एसएचएक्समध्ये आकारांची अनुक्रमणिका, पीआरजेमध्ये हा आकार पृथ्वीवर कुठल्या मोजमापाने बसतो ते. कुणी फक्त एसएचपी पाठवली, तर बैल आला आणि जू घरीच राहिले. डीबीएफ नसेल तर शेतांच्या आकृत्या दिसतील, पण कुठली कुणाची ते कळणार नाही. पीआरजे नसेल तर कॉम्प्युटर अंदाजाने बसवेल, आणि अंदाज चुकला हे तो सांगेलच असे नाही.

दुसरी गफलत अशी की आपण 'प्रोजेक्ट' म्हणून जे साठवतो त्यात नकाशा नसतोच. त्यात फक्त पत्ते असतात, कुठली फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे याचे. ते प्रोजेक्ट दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरवर उघडले की थर सापडत नाहीत म्हणून तक्रार येते. लग्नपत्रिका पोचली आणि नवरदेव पोचला नाही, तशी गत. उपाय सोपा आहे. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा आणि पूर्ण फोल्डर द्या. त्याहून बरे म्हणजे जिओपॅकेज नावाच्या प्रकारात साठवा, त्यात सगळे थर एकाच फाइलीत राहतात.

दुसरी खोड: जागाच चुकली

आमचा बांध खाडीत का गेला? जुने नकाशे ज्या मोजणीवर उभे आहेत ती जॉर्ज एव्हरेस्ट यांची, १८३० सालची. त्यांच्याच नावाचे शिखर हिमालयात आहे. त्यांनी पृथ्वीचा जो आकार धरला, त्यावर आपले जुने नकाशे आखले गेले. आजचा मोबाइल आणि उपग्रह पृथ्वीचा वेगळा आकार धरतात, त्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. दोन्हीत अक्षांश-रेखांशाचे आकडे दिसायला सारखेच, पण तोच आकडा दोन पद्धतींत दोन वेगळ्या जागा दाखवतो. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरच्याही पुढे जातो. आम्ही जुन्या नकाशावरचे आकडे घेतले आणि कॉम्प्युटरला सांगितले की हे नवे आहेत. त्याने निमूट ऐकले. शंभर मीटर म्हणजे पाणंद ओलांडून शेजाऱ्याचे शेत. इकडे तर बांध ओलांडून खाडी.

आता यवतमाळच्या मंडळींनी कान द्यावा. मीटरमध्ये मोजण्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडले आहेत. आपल्याकडे ४३ आणि ४४ या क्रमांकांचे पट्टे ७८ अंश रेखांशावर एकमेकांना भेटतात. ही रेषा नेमकी तुमच्या जिल्ह्यातून जाते. पुसद, दिग्रस ४३ मध्ये. यवतमाळ शहर, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. वणीच्या पोराने ४४ मध्ये काढलेली फाइल पुसदच्या पोराने ४३ समजून उघडली, की सगळे सहा अंश पश्चिमेला सरकते. त्या चुकीत यवतमाळ शहर जाऊन पडते दमणच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात. हसू नका. महामार्गासारखी लांब रेषा दोन्ही पट्ट्यांतून जाते, तेव्हा तिच्यावर काम करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायचा.

आणखी दोन चुका हाताने होतात. मालवण सुमारे १६ अंश ३ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश २८ मिनिटे पूर्व. अंशात ६० मिनिटे असतात, शंभर नव्हे. कुणी ७३ अंश २८ मिनिटांचे ७३.२८ असे लिहिले, तर मालवण सुमारे २० किलोमीटर समुद्रात जाते. बरोबर आकडा ७३.४७ च्या आसपास. आणि कुणी अक्षांश-रेखांशाची अदलाबदल केली, तर मालवण नॉर्वेच्या उत्तरेच्या गारठलेल्या समुद्रात सापडते. सुदैवाने एवढी मोठी चूक डोळ्याला दिसते. भीती लहान चुकीची असते, कारण शंभर मीटर चुकलेले शेत नकाशावर शेतासारखेच दिसते.

तिसरी खोड: नावांचा आणि नंबरांचा घोळ

तुमच्याकडे गट नंबर, इकडे सर्व्हे नंबर आणि हिस्सा. ५/२ म्हणजे सर्व्हे नंबर पाच, हिस्सा दोन. हा तक्ता एक्सेलमध्ये उघडला की ते यंत्र म्हणते, ही तारीख आहे, आणि ५/२ ची ५ फेब्रुवारी करून टाकते. साठवले की मूळ नंबर गेला. शेतकऱ्याची जमीन कॅलेंडरात गेली. म्हणून नंबर भरण्यापूर्वी तो रकाना 'मजकूर' म्हणून ठरवून घ्यायचा.

मराठीचे दुखणे वेगळेच. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याच्या नावाला फक्त दहा खुणांची जागा असते. इंग्रजीचे एक अक्षर एका खुणेत मावते. मराठीतले अक्षर, मात्रा, अनुस्वार यांना प्रत्येकी तीन-तीन लागतात. मग 'शेतकऱ्याचे नाव' या रकान्याचे 'शेत' एवढेच उरते. शेत राहिले आणि शेतकरी गेला, याहून खरी गंमत कुठली! जुन्या श्रीलिपीसारख्या टंकात भरलेला मजकूर नव्या कॉम्प्युटरवर विचित्र अक्षरे होऊन येतो किंवा नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. नवे काम युनिकोडमध्येच करा, रकान्यांची नावे छोटी आणि रोमन ठेवा, आत मराठी भरा.

आणि गावांची नावे जुळवून दोन याद्या जोडू नका. एकाच नावाची गावे तालुक्यातालुक्यात आहेत, बुद्रुक-खुर्द आहेत, एकच गाव एका यादीत आचरा आणि दुसरीत आचरे आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांत ही गावे रत्नागिरीत सापडतात. जनगणनेचा गाव-क्रमांक वापरा, आणि तो कुठल्या सालच्या जनगणनेचा आहे तेही बघा, कारण २००१ आणि २०११ चे क्रमांक एक नाहीत.

चौथी खोड: बांधाला बांध लागत नाही

नकाशा लांबून बघितला की सगळी शेते चिकटलेली दिसतात. मोठा करून बघा. कुठे दोन शेतांत फट आहे, कुठे एक शेत दुसऱ्यावर चढले आहे, कुठे सीमेची रेष स्वतःलाच ओलांडून गेली आहे. प्रत्यक्षात असे शेजाऱ्याच्या शेतात चढले असते तर फौजदारी झाली असती. कॉम्प्युटरमध्ये कुणी भांडत नाही, म्हणून चूक तशीच राहते. फटीतली जमीन कुणाचीच नाही, आणि चढलेली जमीन दोघांची. यादी काढताना याच जागी एखादे नाव गळते आणि एखादे दोनदा येते.

क्यूजीआयएसमध्ये टोपोलॉजी चेकर आहे, तो अशा जागा लाल करून दाखवतो. पण सगळ्यात चांगली तपासणी आपल्या घरातच आहे. नकाशातून निघालेले क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. पोटखराबा धरायला विसरू नका. हेक्टर-आर लिहिताना एक हेक्टर पाच आर म्हणजे १.०५, आणि १.५ म्हणजे एक हेक्टर पन्नास आर. या एका शून्यात एक एकराहून थोडी जास्त जमीन इकडची तिकडे होते. मात्र दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून लगेच नकाशा खोटा ठरवू नका. कधी सातबाराही चुकलेला असतो. न जुळलेला आकडा म्हणजे 'इथे जाऊन बघा' अशी पाटी.

पाचवी खोड: रेषेची जाडी

ही खोड फाइलीची नाही, आपल्या समजुतीची आहे. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेष जमिनीवर साडेबारा मीटर रुंद असते. साडेबारा मीटरमध्ये इकडच्या माणसाचे घर, अंगण आणि माडाची रांग मावते. १:४,००० च्या नकाशावर तीच रेष दोन मीटरची. म्हणून घर रेषेच्या आत की बाहेर हे ठरवायचे असेल तर मोठ्या प्रमाणाचा, सर्व्हे नंबर असलेला नकाशाच मागायचा. लहान प्रमाणाचा नकाशा कॉम्प्युटरवर कितीही मोठा केला तरी त्यातली माहिती वाढत नाही. दुधात पाणी घालून दूध वाढत नाही, तसेच.

पश्चिम घाटासाठी कस्तुरीरंगन समितीने २०१३ साली जो अहवाल दिला, त्यात उपग्रहाचे चित्र २४ मीटरच्या चौकोनांचे होते. २४ गुणिले २४ म्हणजे ५७६ चौरस मीटर, साडेपाच गुंठ्यांहून जास्त. इकडच्या भाताचा एक कुणगा त्याहून लहान असू शकतो. अशा चौकोनांची बेरीज करून ज्या गावाचा २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील दिसला, ते पूर्ण गाव यादीत. एवढ्या मोठ्या डोंगररांगेचा अंदाज घ्यायला २४ मीटरचा चौकोन चालतो. पण जे गाव विसाच्या अगदी काठावर आहे, तिथे गावाची शिवेची रेष थोडी सरकली तरी गाव आत किंवा बाहेर जाऊ शकते. अशा गावाने प्रश्न विचारायचा तो हाच: आमची शीव तुम्ही कुठल्या नकाशावरून घेतली?

गोणपाटावरची चाचणी

आता उपाय. तुम्ही पेरणीआधी काय करता? ज्वारीचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता, चार-पाच दिवसांनी उघडता, किती उगवले ते मोजता. पंच्याहत्तरच्या वर असेल तर पेरता, नाहीतर परत करता. पिशवीवरचे लेबल कितीही झगझगीत असो, विश्वास गोणपाटावर.

नकाशाचे गोणपाट म्हणजे शिवार. गावात अशा वीस जागा निवडा ज्या हलत नाहीत: विहीर, देऊळ, पुलाचा कठडा, तिठा, जुना बांध. सगळ्या एका कोपऱ्यात नकोत, शिवारभर पसरलेल्या हव्यात. प्रत्येक ठिकाणी उभे राहून मोबाइलवर जागा नोंदवा. उघड्यावर मोबाइल पाच-दहा मीटर चुकतो, दाट झाडीखाली जास्त, म्हणून थोडे थांबून दोनदा नोंदवा. मग हे वीस ठिपके नकाशावर टाका. सगळे ठिपके एकाच दिशेला सारखेच सरकले असतील तर जागेची, म्हणजे दुसरी खोड आहे. इकडेतिकडे विखुरले असतील तर नकाशाच हलगर्जीने काढलेला आहे. नुसते दोन-तीनच चुकले असतील तर तिथे जाऊन पुन्हा बघा, कदाचित चूक तुमची असेल.

आणि प्रत्येक फाइलीबरोबर तिची जन्मपत्रिका लिहून ठेवा. कुठल्या नकाशावरून काढली, तो कुठल्या सालचा, कुठल्या प्रमाणाचा, कुठल्या पद्धतीचे आकडे, कुणी काढली, कधी तपासली. मूळ फाइलीला हात लावू नका, काम तिच्या नकलेवर करा. एवढे केले असते तर आमची फजिती झाली नसती.

आम्ही त्या गावात परत गेलो. बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जागा नोंदवल्या. आजी उघाडीपर्यंत आमच्याबरोबर आल्या. नवा नकाशा बांधावर बरोबर बसला. पण एक गोष्ट अशी झाली जी आम्हाला अपेक्षित नव्हती. आमच्याच यादीतले एक शेत बांधाच्या आत नव्हते, खाडीच्या बाजूला होते. त्या घराची सही आम्ही घेतली होती, आशा लावली होती. त्यांच्या ओटीवर बसून आम्हाला सांगावे लागले की तुमचे नाव या हरकतीत ठेवता येणार नाही. ते कठीण गेले. त्या घरच्या माणसाने बराच वेळ नकाशा बघितला आणि म्हणाला, खरे आहे, भरतीचे पाणी आमच्याकडे येतेच.

ते नाव आम्ही काढले. म्हणून बाकीची नावे उभी राहिली. पुढच्या वेळी हरकत सर्व्हे नंबर, बांधाची जागा आणि जुन्या नकाशाच्या दाखल्यासह दाखल झाली. या वेळी कुणी हसले नाही. हरकत दाखल होणे म्हणजे लढाई जिंकणे नव्हे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण आता भांडण आजींच्या जमिनीवर होईल, आमच्या चुकीवर नाही.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना भाषण आणू नका. प्रत्येक गावाने एक पोरगा किंवा पोरगी निवडायची, शिवारातले वीस ठिपके नोंदवायचे, आणि आपल्या दहा शेतांचे सातबाऱ्याचे क्षेत्र लिहून आणायचे. बैठकीत आपण ते गावाच्या नकाशावर टाकू आणि कुणाची उगवण किती ते सगळ्यांसमोर मोजू. नापास झालेल्या नकाशाची लाज वाटायचे कारण नाही. आमचा पहिला नकाशा नापासच होता.